एका नावाची दोन माणसं

सिंगापूरमधल्या आमच्या चोआ चू कांगच्या घरमालकांना पहिल्या हाकेला ओ देताना मी कधी पाहिलं नाही. "काका, चहा झालाय," म्हटलं की ते मान वर करायचे, दाराकडे बघायचे आणि थांबायचे. मी वैतागून पुन्हा "अहो काका" म्हटलं की तेव्हा कुठे, "हां, आलो." कान उत्तम होते. आमच्या खोलीचं दार बंद असताना आतलं भांडण ऐकून दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याची, निखिलची, बाजू घेण्याइतके उत्तम.

मला आधी वाटलं, जुन्या लोकांचं असतं तसं असेल. पहिली हाक भुताची असते, तिला ओ देऊ नये, असं आमच्या आजोळीही म्हणायचे. पण ते तिन्हीसांजेला आणि गावाबाहेर. भर उजेडात, दहाव्या मजल्यावर, उपम्याच्या बशीपुढे कुठलं भूत हाक मारणार? एकदा इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत ज्येष्ठांचा सत्कार होता. माइकवरून काकांचं नाव पुकारलं. पहिल्या रांगेत बसलेले काका शांतपणे मागच्या दाराकडे बघत राहिले. निवेदिकेनं "ते आलेले दिसत नाहीत" म्हणून पुढचं नाव घेतलं आणि शाल दुसऱ्याच्या खांद्यावर गेली. "काका, उठायचं ना," मी म्हटलं. "एकदाच पुकारलं की," असं म्हणून त्यांनी मोदकाचा दुसरा घास घेतला.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. ते त्यांच्या एकट्याचं नव्हतं, हे मला पुढे कळलं.

आम्ही त्यांच्या घरी एक खोली भाड्यानं घेतली ती पुण्याहून पळून आल्यासारखे आलो तेव्हा. लोकांना आम्ही सांगायचो की नोकरी चांगली मिळाली. मिळालीही होती; निखिल बँकेत, मी वन-नॉर्थ भागातल्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरमध्ये. खरं कारण असं की आमची मुलगी, सई, पहिला वाढदिवसही न होता गेली होती. गेली तेव्हा घरात काहीच झालं नाही. एवढ्या लहान मुलांचं काही करत नाहीत, असं सगळे म्हणाले. दहावा नाही, तेरावा नाही, पाणी नाही. "पुन्हा तुझ्याच पोटी येईल," एवढं एकच वाक्य प्रत्येक बाई येऊन सांगून गेली. मी ते वाक्य घट्ट धरून विमानात बसले.

काका सांगलीकडचे. तरुणपणी अकाउंटंट म्हणून सिंगापूरला आले, इथलेच नागरिक झाले, लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, नाहीतर देवदेव करतात. काका अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांतल्या, शे-दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या शेतकरी घराण्यांच्या वंशावळी लावायचे. हॉलमध्ये टीव्हीच्या जागी मोठा स्क्रीन, आणि त्यावर जनगणनेच्या जुन्या पानांचे फोटो, तिरप्या अक्षरातले. स्वतःच्या सांगलीबद्दल ते चकार शब्द काढत नसत. जॉर्जियातल्या कुठल्याशा खेड्यातल्या मार्थाबाईंबद्दल मात्र असं बोलायचे, की मी सुरुवातीला ती कुणी इथल्याच बुओना व्हिस्टाच्या कॉन्डोत राहणारी ओळखीची बाई समजले.

"मार्थाबाईंचं काही खरं नाही," ते सकाळी चहा घेताना म्हणायचे. "चौथं पण गेलं. कापूस वेचायचे दिवस, घरात करणारं कुणी नाही."

"कधी गेलं?" मी घाबरून विचारलं.

"झाली की शंभराच्या वर वर्षं."

अमेरिकेतून लोक त्यांना ईमेल करायचे, आमच्या पणजोबांचं कोडं सोडवून द्या म्हणून. काकांची खासियत एकाच चुकीची होती, आणि ती चूक तिकडे घरोघरी सापडायची. त्या खेड्यांत एखादं मूल गेलं, की पुढच्या मुलाला त्याचंच नाव ठेवायची पद्धत होती. नाव वाया जाऊ द्यायचं नाही. जनगणना दहा वर्षांनी एकदा. मधल्या मध्ये जन्मून गेलेलं मूल कुठल्याच पानावर नसायचं. मग नातवंडं-पतवंडं वंशावळ लावायला बसली, की पहिल्याचा जन्म आणि दुसऱ्याचं लग्न जोडून एकच माणूस तयार करायची.

"एकाच्या आत दुसरा कोंबलेला असतो," काका म्हणायचे. "त्याला बाहेर काढायचं. बाकी काही नाही."

असे दोघे वेगळे झाले, की काका स्वयंपाकघरात यायचे, खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याचे दोन पेले ठेवायचे आणि तेच नाव दोनदा घ्यायचे, मध्ये थोडं थांबून. कट्ट्यावर आमचा मिक्सर होता, तो सरकवायचे. मला पहिल्यांदा हसू आलं होतं. नंतर नंतर ते मधलं थांबणं नको वाटायचं. त्या वेळी फ्रिजची घरघरसुद्धा ऐकू यायची.

मार्थाबाईंच्या मुलाचा, एलायजाचा, निकाल लागला, तो दिवस मला आठवतो. त्यांची खापरपणती, सत्तरीची बाई, व्हिडिओ कॉलवर होती. आपल्याकडची शनिवारची संध्याकाळ, तिच्याकडची सकाळ. तिचा एलायजा लग्नाच्या कागदावर स्वतःचं वय बरंच कमी सांगत होता आणि तो खोटारडा होता का, हे तिला हवं होतं. तिनं पाठवलेल्या मार्थाबाईंच्या थडग्याच्या फोटोत बाजूला एक ओबडधोबड दगड दिसत होता. शेतातून उचलून रोवलेला, अक्षर नसलेला. काका कितीतरी दिवस तो दगड मोठा करून बघत होते.

"मॅडम, तुमचा एलायजा खरं बोलत होता," काका इंग्रजीत म्हणाले. "तो दुसरा एलायजा. पहिला त्या दगडाखाली आहे."

त्या बाईनं चष्मा काढून तो फोटो पुन्हा जवळून बघितला. मग म्हणाली, "म्हणजे आम्ही दर वर्षी फुलं नेतो ती त्याच्या आईला. आणि त्या पोराच्या अंगावर उभं राहून." तिनं डोळे पुसले. काका स्क्रीनपुढे हात जोडून बसून राहिले, समोर खरोखर कुणाचं तरी प्रेत असावं तसे.

एकदाच मी त्यांना हरलेलं पाहिलं. एका काळ्या घराण्यातल्या शिक्षिकेनं आपली माणसं शोधायला सांगितली होती. गुलामगिरी संपायच्या आधीच्या पानांवर तिच्या माणसांची नावंच नव्हती. मालकाचं नाव ठळक आणि खाली नुसतं वय, बाई की पुरुष. काकांनी त्या दिवशी जेवण टाकलं. "नाव दुसऱ्याला देऊन टाकलं तर निदान नाव होतं तरी," ते म्हणाले. "हे तर कुणी विचारलंपण नाही." संध्याकाळी कट्ट्यावर पेले मांडून ते पाणी ठेवत गेले. "मुलगी, वय सात. मुलगा, वय चार." मी पोळ्या लाटत होते. मला पुढची पोळी लाटवेना.

आम्ही आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. पुण्याला सासूबाईंना स्वप्न पडलं. सई लाल फ्रॉक घालून आली आणि म्हणाली, आजी, दार उघड. त्या फोनवर रडत होत्या, मीही रडत होते, दोघी खूश होतो. मुलगी असणार यात शंका नव्हती, आणि नाव काय ठेवायचं यातही. निखिल म्हणाला, "तुला बरं वाटेल ते कर." मला बरं वाटत होतं. खूप दिवसांनी वाटत होतं. मी पोटाशी बोलायला लागले, तिला सई म्हणून हाक मारायला लागले. माझी मुलगी मला परत मिळणार होती, आणि हे मी कुणाच्या बापाला हिरावून घेऊ दिलं नसतं.

ते दिवस चिनी लोकांच्या सातव्या महिन्याचे होते. भुतांचा महिना. खाली लोखंडी पिंपांत मेलेल्यांसाठीच्या कागदी नोटा जळत, राख लिफ्टपर्यंत उडून येई. शेजारची आंटी संत्री आणि उदबत्त्या घेऊन खाली निघाली होती, मी ऑफिसातून येत होते. माझ्या पोटाकडे बघून तिनं आधी मला लवकर घरी येत जा म्हणून दटावलं. मग म्हणाली, "युअर हाउस गॉट टू अंकल, इज इट?"

"नो आंटी, वन ओन्ली. अँड माय हजबंड."

"नॉट हजबंड. टू ओल्ड अंकल. आफ्टरनून टाइम, टॉक टॉक टॉक. वन टॉक, वन वेट." आणि ती लिफ्टमध्ये शिरली.

मी हसत हसत काकांना सांगितलं. आंटीच्या मते तुम्ही दोघे आहात, एक बोलतो, एक थांबतो, म्हटलं. काका हसले नाहीत. त्यांनी स्क्रीनवरून नजर काढली आणि अगदी उत्सुकतेनं विचारलं, "बोलत कोण होतं? आणि थांबत कोण होतं?"

त्या रात्रीपासून मी खोलीची कडी लावायला लागले.

मग ती संध्याकाळ. मी ओट्याशी भाजी चिरत होते आणि पोटात लाथा बसत होत्या. "सई, गप गं जरा," मी म्हटलं. मागे काका पाणी प्यायला आले होते.

"कुणाला हाक मारली?"

"बाळाला. हेच नाव ठेवणार आहोत."

ते पेला हातात धरून उभे राहिले. सईचं त्यांना ठाऊक होतं. तिचा फोटो आमच्या खोलीत होता. "बरं," ते म्हणाले. "मग पहिलीला काय म्हणणार?"

मी सुरी खाली ठेवली. "पहिली-दुसरी काही नाही, काका. तीच येतेय."

"असं का," काका म्हणाले, आणि पाणी न पिताच पेला ठेवून गेले.

मला भयंकर संताप आला. मेलेल्या परक्या माणसांत आयुष्य घालवणाऱ्या, पोरबाळ नसलेल्या म्हाताऱ्यानं मला हे विचारावं? मी निखिलला म्हटलं, आपण घर बदलू. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. चहा करायचे, हाक मारायचे नाही. कप नेऊन आदळायचे.

पुढच्या रविवारी दुपारी हॉलमधला स्क्रीन बंद होता. तो बंद असलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. काका खुर्ची फिरवून बसले होते. "जरा बस, पोरी," ते म्हणाले. एरवी मला अहो-जाहो करायचे.

"मला एक थोरला भाऊ होता. मुंज झाली आणि त्याच वर्षी तापानं गेला. नंतर दोन वर्षांनी मी झालो. माझ्या कानाच्या पाळीवर हा तीळ. त्याला पण इथंच होता म्हणे. आजोबा म्हणाले, पोरगं परत आलंय. बारशाला तेच नाव ठेवलं. आमच्याकडं मुलं जगत नसली की धोंडू ठेवायचे, भिकू ठेवायचे. तसलं काही ठेवलं असतं तर मी आनंदानं धोंडू झालो असतो. पण नाही. नाव तेच, सदरे तेच, पाटी तीच. आई मला नदीवर न्यायची आणि विचारायची, आठवतंय का रे, इथं तू घसरला होतास? मी म्हणायचो, आठवतंय. नाही म्हटलं की तिचा चेहरा बघवायचा नाही."

माझी नजर त्यांच्या कानाच्या पाळीवरच्या तिळाकडे गेली.

"आणि भाद्रपदात वडील तर्पणाला बसायचे. पितरांची नावं घेता घेता पोराचं नाव घ्यायचे. म्हणजे माझं. मी त्यांच्या मागं उभा. माझं नाव घेऊन तीळ-पाणी सोडायचे, आणि मग तेच नाव घेऊन मला जेवायला हाक मारायचे. मी ताटावर बसून विचार करायचो. मीच तो असेन, तर पाणी कुणाला घातलं? आणि तो अजून तिकडंच असेल, तर मी कोण?"

"काका..."

"हाक आली की मी थांबतो ते त्यासाठी. पहिली हाक त्याची. नाव त्याचं होतं. त्याला यायचं असलं तर यायला नको?" ते दाराकडे बघत म्हणाले. "ऑफिसात एका अमेरिकन माणसानं त्याच्या खापरपणजोबाचा घोळ दाखवला, तेव्हा मला कळलं, माझ्यासारखे तिकडं गावच्या गावं आहेत. बरं वाटलं. सोबत मिळाली."

मग ते म्हणाले, "आईचं चुकलं असं मी म्हणत नाही. तिला तो हवा होता. मी तिला हवा होतो का, हे विचारायची वेळच आली नाही कधी. मी आलोच नव्हतो ना."

मला रडू आवरेना. पण राग गेला नाही. सईला मी सोडून द्यावं असं ते म्हणताहेत, एवढंच मला ऐकू येत होतं. मी उठून खोलीत गेले आणि पोटावर हात ठेवून मुद्दाम मोठ्यानं तिला सई म्हटलं.

मुलगीच झाली. सुखरूप. हॉस्पिटलात निखिल कॉफी आणायला गेला होता, बाळ शेजारच्या पाळण्यात होतं. या क्षणाची मी किती वाट पाहिली होती. मी हळूच हाक मारली, "सई." आणि माझ्या लक्षात आलं की मी पाळण्याकडे बघतच नव्हते. मी दाराकडे बघत होते. कुणीतरी यायचं बाकी आहे तशी. पाळण्यातली पोर माझ्याकडे बघत होती, तिला बिचारीला माझ्याशिवाय कुणी ठाऊक नव्हतं. मला तिची भयंकर कीव आली, आणि मग माया आली. तिच्यासाठी म्हणून आलेली ती पहिली माया.

आम्ही तिचं नाव रेवा ठेवलं. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "दारातून परत पाठवलंस गं तिला." त्यांचं म्हणणं मला अजून बोचतं.

रेवा रांगायला लागली त्या सुमारास सर्वपित्री अमावस्या आली. सकाळी काका आंघोळ करून, धोतर नेसून स्वयंपाकघरात आले. त्यांना धोतरात मी कधी पाहिलं नव्हतं. हातात काळे तीळ, परात, तांब्या.

"वडील गेल्यापासून त्याला पाणी नाही," ते म्हणाले. "मी बसतो दर वर्षी, तुम्ही ऑफिसात गेलात की. बाकी सगळ्यांना घालतो. त्याच्यापाशी आलो की तोंडातून नाव येत नाही. आपलंच नाव घेऊन पाणी कसं सोडायचं? तू सोडतेस?"

"बायका सोडत नाहीत, काका."

"इथं कोण बघायला येतंय? आंटी?"

मी रेवाला त्यांच्याकडे दिलं. ती त्यांच्या खांद्यावर लगेच झोपली. मी दक्षिणेला तोंड करून बसले, म्हणजे नेमकं वॉशिंग मशीनकडे. हातावर तीळ घेतले. काकांनी सांगितलं तसं अंगठ्याच्या बाजूनं पाणी सोडायचं होतं. मी त्यांचं नाव घेतलं, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव, सगळं मोठ्यानं आणि स्पष्ट. पाणी परातीत पडलं. मागे कसलाच आवाज नव्हता, श्वासाचासुद्धा. जिवंत माणसाचं नाव मी मेलेल्यात घातलं, आणि माझी मुलगी त्याच्या खांद्यावर आहे, असं एकदम मनात आलं आणि मी घाबरून मागे बघितलं.

काका होते. तिथेच उभे होते, गालांवरून पाणी वाहत होतं.

"पोचलं का?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक," ते म्हणाले. "माझं नव्हतंच ते."

मी परत समोर वळले. परात तिथेच होती, तीळ उरले होते. एवढ्या लहान मुलांचं काही करत नाहीत, हे मला ठाऊक होतं. मी ओंजळीत पुन्हा पाणी घेतलं.

"सई," मी म्हटलं आणि पाणी सोडलं.

मागे काकांच्या खांद्यावर रेवा झोपली होती. तिनं डोळे उघडले नाहीत.